संदेश निघाला, पैसे कधी पोहोचणार?

संगणकाच्या जाळ्यातून संदेश वाहून नेणाऱ्या दोन प्रणालींची तुलना करताना ‘अधिक वेगवान कोणती?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. एक संदेश किती वेळात मार्गी लागतो आणि ठरावीक वेळात एकूण किती संदेश मार्गी लागतात, ही दोन मापे भिन्न आहेत. ग्राहकांच्या परिचयाच्या आरटीजीएस व एनईएफटी या प्रणालींत हा भेद स्पष्ट दिसतो.

मार्च २००४ मध्ये सुरू झालेल्या आरटीजीएसमध्ये किमान दोन लाख रुपयांचा प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे व तत्काळ पूर्ण होतो. मात्र त्या क्षणी पाठवणाऱ्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यात तेवढी तरतूद असावी लागते. नसल्यास संदेश रांगेत थांबतो.

नोव्हेंबर २००५ पासूनची एनईएफटी संदेशांच्या तुकड्या करते. सध्या दर अर्ध्या तासाला एक. उदाहरणादाखल दोनच बँका धरल्या आणि एकीचे देणे १० कोटी, येणे ९ कोटी असले, तर प्रत्यक्षात फिरतो तो १ कोटीच. असंख्य छोट्या व्यवहारांसाठी ही मोठीच काटकसर आहे. तिची किंमत प्रतीक्षेत मोजावी लागते. तुकडी निघण्याच्या क्षणभर आधी आलेला संदेश लगेच जातो, क्षणभर उशिरा आलेला अर्धा तास थांबतो. सरासरी पंधरा मिनिटांची; पण शुल्क भरण्याच्या अखेरच्या घटकेस सरासरी कामी येत नाही, तेथे अधिकाधिक विलंबच विचारात घ्यावा.

वेगाइतकाच महत्त्वाचा मुद्दा विश्वासार्हतेचा. पोच न आल्यास संदेश हरवला की केवळ पोच रखडली, हे पाठवणाऱ्यास कळत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहारास यूटीआर हा स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो आणि त्यावरून शोध घेता येतो. ग्राहकाने घाईने तीच रक्कम पुन्हा पाठवल्यास मात्र नवा क्रमांक पडतो, आणि प्रणालीच्या दृष्टीने तो दुसराच व्यवहार असतो. अशा वेळी आधी जुन्या क्रमांकाची चौकशी करणे श्रेयस्कर.

एनईएफटीची रक्कम तुकडीच्या हिशेबानंतर दोन तासांत जमा अथवा परत व्हावी, असा नियम आहे. विलंब झाल्यास रेपो दराहून दोन टक्के अधिक दराने व्याज देय असते. त्यासाठी बँकेने ग्राहकाच्या मागणीची वाट पाहणे अपेक्षित नाही.