कावीळ आणि बिलिरुबिन : रिपोर्ट वाचण्यापूर्वी

मी यान्बूतील एका लॅबोरेटरीत काम करते. उन्हाळी सुट्टी संपवून मंडळी परतली की रिपोर्ट हातात घेऊन हमखास फोन येतात. सर्वांत जास्त प्रश्न असतो तो बिलिरुबिनचा. "वहिनी, नॉर्मल एक असतं ना? ह्यांचं चौतीस आलंय!" असे घाबरलेल्या आवाजात एका भगिनीने विचारले होते. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. निदान डॉक्टरांनीच करायचे. पण रिपोर्टमधील आकडा काय सांगतो, एवढे आपल्यालाही कळायला हवे.

आकडा एक, मापे दोन

भारतात बिलिरुबिन मिलिग्रॅममध्ये मोजतात. निरोगी माणसात ते साधारण 1.2 पर्यंत असते. येथील बहुतेक रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये असतात. येथील आकड्याला 17 ने भागले की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. म्हणजे 34 चे झाले 2. जास्त आहे, पण डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो तो साधारण 3 च्या आसपास, म्हणजे येथील 50 ला. गावच्या डॉक्टरांना फोनवर आकडा सांगताना माप सांगायला विसरू नका.

हा पिवळा रंग येतो कुठून?

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होते. यकृत ते पाण्यात विरघळेल असे करून पित्तावाटे आतड्यात सोडते. शौचाचा नेहमीचा रंग त्यामुळेच असतो. या वाटेवर तीन ठिकाणी बिघाड होऊ शकतो.

पहिला यकृताच्या अलीकडे : पेशीच भराभर फुटतात. मलेरिया, सिकल सेल किंवा जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता ही त्याची कारणे. यात रिपोर्टमधील 'इनडायरेक्ट' आकडा वाढतो.

दुसरा यकृतातच : हिपॅटायटिसचे विषाणू, दारू, काही औषधे. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मुठीने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. यात एएलटी आणि एएसटी हे आकडे सहसा खूप वाढतात.

तिसरा यकृताच्या पलीकडे : पित्तनलिकेत खडा अडकणे किंवा गाठीचा दाब. 'डायरेक्ट' बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढते, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट-पांढरा होतो, अंगाला खाज सुटते. येथे सोनोग्राफी लगेच हवी. अशी कावीळ पथ्याने उतरत नाही.

आणखी एक निरुपद्रवी प्रकार आहे. शंभरातील साधारण पाच जणांचे इनडायरेक्ट बिलिरुबिन जन्मभर थोडे जास्तच राहते, बाकी सर्व आकडे नॉर्मल. फ्रेंच डॉक्टर गिल्बर्ट यांनी 1901 मध्ये त्याचे वर्णन केले. उपासाने ते आणखी वाढते, त्यामुळे एकादशी किंवा नवरात्राच्या उपासात रक्त दिले तर आकडा फुगतो. वर सांगितलेले 34 याच प्रकारातले निघाले. औषधाची गरज पडली नाही.

सुट्टीतून आलेली कावीळ

आपण गावी जातो ते नेमके जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाळ्यात. हिपॅटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्यातून पसरतात. 2012 साली इचलकरंजीत आलेली साथ हिपॅटायटिस ई चीच होती. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले होते आणि काहींचे प्राणही गेले. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. म्हणून पाणीपुरी खाल्ली कोल्हापुरात आणि डोळे पिवळे झाले यान्बूत, असे होते. डॉक्टरांना प्रवासाची तारीख जरूर सांगा. गावी पाणी उकळून प्या, उसाच्या रसातला बर्फ टाळा. 'ए' वर लस आहे. गर्भवतींनी 'ई' ला फार जपावे. शेवटच्या तीन महिन्यांत तो जिवावर बेतू शकतो.

हिपॅटायटिस बी आणि सी रक्तावाटे पसरतात. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो. आखाती नोकरीच्या मेडिकलमध्ये या दोन्हींची तपासणी असते आणि त्यात दोष निघाला तर माणूस अनफिट ठरतो. संसाराची घडीच विस्कटते. बी ची लस घेतली नसेल तर घ्या, पण मेडिकलच्या तोंडावर नको. लसीनंतर थोडे दिवस तपासणी चुकून पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून मध्ये महिनाभर जाऊ द्यावा.

बाळाची कावीळ

जन्मल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ थोडे पिवळे होणे नेहमीचे आहे. परंतु पहिल्या 24 तासांतच पिवळे झाले, तळवे पिवळे दिसले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर तातडीने दवाखान्यात न्या. बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होते. निळ्या प्रकाशाखाली ठेवल्याने ती टळते. फोनवरून आजी कोवळे ऊन सुचवील, पण ऊन हा त्यावर पुरेसा उपाय नाही. यान्बूच्या उन्हात तर बाळ होरपळायचेच. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा असेल आणि शी पांढरट असेल, तर एक दिवसही दवडू नका. पित्तनलिकेच्या त्या आजाराची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी झालेली बरी.

कावीळ उतरवणे

चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते ते हाताला आधी चोळलेल्या झाडाच्या सालीच्या रसामुळे. धडधाकट माणसाच्या हातानेही ते होते. हिपॅटायटिस ए बहुधा आपोआप बरा होतो आणि श्रेय माळेला मिळते. मनगटावर डाग तर मुळीच देऊ नये. उसाचा रस आणि फुटाणे खायला हरकत नाही. हळद, तेल बंद करण्याचीही गरज नाही. मात्र दारू पूर्ण बंद, आणि गावाकडून आलेली पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

रोगी असंबद्ध बोलू लागला, ग्लानी आली, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर रात्र असली तरी इमर्जन्सीत न्या. अशा वेळी तिकीट काढून गावी पाठवण्यात मोलाचे तास आणि पैसे दोन्ही जातात. विम्याच्या कार्डावर येथेच तपासण्या सुरू करा. प्रत्येक रिपोर्टची प्रत तारखेसह फाइलला लावून ठेवा. बिलिरुबिनचा एक आकडा फारसे सांगत नाही. तो चढतो आहे की उतरतो आहे, हे मागच्या कागदावरूनच कळते.