देवळीत, वर्ध्यात, खार्कोवी

'कुठे?' या एका प्रश्नासाठी युक्रेनियन भाषेने आख्खी विभक्ती राखून ठेवलीय. आपण शाळेत 'त, ई, आ' घोकलं, तीच ही सप्तमी. एमबीबीएससाठी तिकडे गेलेली आणि २०२२मध्ये युद्ध पेटल्यावर 'ऑपरेशन गंगा'तून परतलेली आपली मुलं हिला चांगली ओळखतात. वर्ग इंग्रजीत चालले, तरी पेशंटशी बोलायला युक्रेनियन लागतेच. पाय म्हणजे 'नोहा', पण पायात दुखलं की 'उ नोझी'. हात 'रुका', हातात मात्र 'उ रुत्सी'!

गावांची नावंही सुटत नाहीत. खार्किव्ह, पण राहायचं 'उ खार्कोवी'. ल्विव्ह, पण 'उ ल्वोवी'. अवघड वाटतं? मग देऊळचं देवळात आणि नागपूरचं नागपुरात कसं होतं ते परक्या माणसाला समजावून बघा.

आपली देवळी त्या मानाने फार सोपी. सरळ 'त' लावा, देवळीत. खरी गंमत शेजारच्या वर्ध्याची. शहर असेल तर वर्ध्यात, नदी असेल तर वर्धेत. वर्ध्यात शिकायचं, वर्धेत पोहायचं. शहरासाठीही 'वर्धेत' छापलेलं दिसतं, पण मला वाटतं हा फरक जपायलाच हवा. एका अक्षरात गाव आणि नदी वेगळी करणारी सोय उगाच का गमवायची?

'घरी' आणि 'घरात' यांतला फरक तर कुठलंही मराठी पोर न शिकवता जाणतं. युक्रेनियन पोरही जाणतं. घरी म्हणजे 'व्दोमा', घरात म्हणजे 'उ दोमी'.

युक्रेनियन सप्तमी एकटी कधी फिरत नाही. पुढे 'उ', 'व', 'ना' असा सोबती लागतोच. जुन्या स्लाव्ह काळात ती एकटी चालायची, नुसत्या प्रत्ययाने 'कीवमध्ये' म्हणता यायचं. आज या सोबत्यावरून राजकारणही होतं. 'ना' प्रांताला शोभतो, 'व' देशाला. म्हणून १९९३मध्ये युक्रेन सरकारने रशियन भाषेतही आपल्या देशाला 'व'च लावा, अशी मागणी केली.

सगळ्यांत भारी गोष्ट अनेकवचनाची. संस्कृतात 'लतासु', युक्रेनियनमध्ये हातांत म्हणजे 'रुकाख'. हा 'सु' आणि तो 'ख' एकाच आदिम प्रत्ययाची लेकरं!

जाणं आणि असणं दोघांकडेही वेगळं. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. तिच्यात बसून माणूस 'देवळीले' जातो आणि उतरला की 'देवळीत' असतो. तिकडेही जाताना एक विभक्ती, पोचल्यावर दुसरी.

एका बाबतीत मात्र मराठी पुढे आहे. आपला 'त' पुढच्या प्रत्ययाला खांद्यावर घेतो. देवळीतल्या देवळातल्या दिव्यातलं तेल, असं हवं तितकं लांबवा. युक्रेनियनला तेवढ्यासाठी दर वेळी नवा 'उ' नाहीतर 'व' शोधावा लागतो.