नियोजनाविना गेलेले दशक : रायगड किनाऱ्यावरील वाचनालये (२०१२ ते २०२२)

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्याला २०२५ च्या जूनमध्ये पाच वर्षे पूर्ण झाली. या वादळाच्या हानीचा हिशेब नारळी-पोफळीच्या वाड्या, घरांची छपरे, विजेचे खांब आणि होड्या यांच्या आकड्यांत मांडला जातो. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या सार्वजनिक वाचनालयांचा उल्लेख त्यात अभावानेच येतो. वस्तुतः त्या जूनने वाचनालयांच्या कारभारातील एक जुनी उणीव उघडी पाडली. वाचनालयाच्या सेवकांना नित्याचे काम शिकवले गेले होते. मात्र सुरुवात, मुदत, खर्च आणि शेवट आधी ठरवून पार पाडावयाचे काम, म्हणजे प्रकल्प, कसा चालवावा हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. २०१२ ते २०२२ या दशकाकडे मागे वळून पाहिले असता या उणिवेची किंमत कळते, आणि ज्यांनी ती मोजली त्यांच्याच माथी अनास्थेचा ठपका मारला गेला, हेही कळते.

त्याआधीच्या काळाचा धावता उल्लेख पुरेसा आहे. माथेरान येथे जन्मलेले आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली १९३९ मध्ये मुंबई सरकारने ग्रंथालय विकास समिती नेमली आणि गावापर्यंत पोहोचणाऱ्या ग्रंथालयांच्या साखळीची कल्पना तेथून पुढे आली. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १ मे १९६८ पासून अमलात आला, ग्रंथालय संचालनालय उभे राहिले, वाचनालयांचे 'अ', 'ब', 'क' आणि 'ड' असे वर्ग पडले आणि प्रत्येक वर्गाला ठरावीक परिरक्षण अनुदान मिळू लागले. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तरी वाचनालयांचा दिनक्रम बदलला नाही. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणी, अनामत, वार्षिक अहवाल आणि तपासणी या चक्रातच सेवकांची हयात गेली. प्रमाणपत्र वर्गांतील शिक्षणाचा भरही वर्गीकरण, तालिकीकरण आणि नोंदवह्या यांवर राहिला. स्थिर काळासाठी ते शिक्षण पुरेसे होते आणि ज्यांनी ते निष्ठेने दिले त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु पुढचा काळ स्थिर राहिला नाही.

प्रकल्प व्यवस्थापन ही संज्ञा मोठ्या बांधकामांच्या व कारखान्यांच्या जगातून आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने कामे आणि कालावधी एकाच तक्त्यावर आडव्या पट्ट्यांनी दाखवण्याची रीत रूढ केली, तर १९५७ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीत निर्णायक मार्गाची पद्धत आकाराला आली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सर्वांत लांब असते तिला निर्णायक मार्ग म्हणतात, कारण तिच्यातील एका कामाला उशीर झाला की संपूर्ण प्रकल्पाला उशीर होतो. याच्या जोडीला कामाची व्याप्ती लिहून ठेवणे, मोठ्या कामाची लहान कामांत फोड करणे, संभाव्य जोखमींची यादी करणे आणि काम संपल्यावर काय साधले व काय राहिले याचे टिपण करणे, एवढ्या गोष्टी आल्या की या विद्येचा गाभा हाती येतो. पेणच्या मूर्तिशाळा हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत : गणेश चतुर्थी पुढे ढकलता येत नाही, म्हणून रंगकाम कधी संपले पाहिजे, त्याआधी मूर्ती किती दिवस वाळली पाहिजे आणि पावसाळी हवेत ती उशिरा वाळणार असल्यास साचकाम किती आधी धरले पाहिजे, असे त्या तारखेपासून उलटे मोजत यावे लागते. ज्या जिल्ह्यात हे ज्ञान हातांत मुरलेले आहे, तेथील वाचनालयांना ते रीतसर मिळू नये, ही खेदाची बाब आहे.

२०१२ हे वर्ष या दशकाचे दार ठरले. त्या वर्षी परिरक्षण अनुदानाचे दर दुप्पट झाले, महसूल विभागामार्फत राज्यभरातील वाचनालयांची पडताळणी झाली, आणि त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणे व जुन्यांचा वर्ग वाढवणे थांबले. पडताळणीतून कागदोपत्री वाचनालये उघड झाली, हे योग्यच झाले. परंतु दर्जावाढीचे दार सर्वांनाच बंद झाल्याने प्रामाणिक वाचनालयांचीही वाट अडली. दुप्पट झालेल्या दरानेही 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत, आणि अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी असल्याने तेथील एकमेव सेवकाच्या वाट्याला वर्षाला १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये येत. एवढ्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाकडून नियोजनाची अपेक्षा करणाऱ्यांनी प्रथम या आकड्याकडे पाहावयास हवे होते.

अनुदान दोन हप्त्यांत येई आणि दुसरा हप्ता बहुधा आर्थिक वर्ष सरत आल्यावर हाती पडे. त्यामुळे वर्षभरात कोणती पुस्तके घ्यावयाची याची यादी तयार नसलेल्या वाचनालयात मार्चअखेरीस घाईने खरेदी होई, विक्रेत्याकडे शिल्लक असलेली पुस्तके कपाटात येत आणि वाचकाने वर्षभर मागितलेले पुस्तक मात्र येत नसे. या स्थितीला अनुदानाचा विलंब कारणीभूत होता, यात शंका नाही. तथापि वाचकांच्या मागण्यांची नोंद, तीवरून प्राधान्ययादी, प्रकाशकांकडून आधीच मागवलेली दरपत्रके आणि समितीचा आगाऊ ठराव एवढी चार कामे वर्षभरात उरकलेली असती, तर उशिरा आलेला पैसाही योग्य ठिकाणी खर्च झाला असता. ही रीत सेवकाला शिकवणे कोणालाही आपले कर्तव्य वाटले नाही.

संगणकीकरणाची कथा याहून क्लेशकारक आहे. या कामाचा स्वाभाविक क्रम असा असतो : प्रथम ग्रंथपडताळणी, मग फाटक्या व कालबाह्य ग्रंथांचे निर्लेखन, म्हणजे ते रीतसर दाखल नोंदीतून वगळणे, त्यानंतर नोंदींचा नमुना आणि लिपीचे मानक निश्चित करणे, मग यंत्रखरेदी आणि शेवटी नोंदी भरणे. प्रत्यक्षात यंत्र आधी आले आणि पुढचा विचार नंतर झाला. १०,००० ग्रंथांचे वाचनालय धरले आणि देवघेव सांभाळून एक सेवक दिवसाला ५० नोंदी भरू शकतो असे मानले, तर या कामाला २०० कामाचे दिवस लागतात. हा साधा भागाकार मांडला नसेल तर काम चौथ्या कपाटाशी थांबते आणि यंत्राची हमी मात्र संपून जाते. युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या लिपी-मानकाऐवजी जुन्या खासगी फाँटमध्ये मराठी नोंदी भरल्या असल्या, तर त्या दुसऱ्या आज्ञावलीत नेताच पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात आणि सर्व नोंदी पुन्हा भराव्या लागतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली २००३ पासून अस्तित्वात होती आणि कोहा ही मुक्त प्रणालीही विनामूल्य मिळत होती. उणीव साधनांची नव्हती, क्रम शिकवणाऱ्याची होती.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला, जिल्हा ग्रंथोत्सवही भरत राहिले, आणि या कार्यक्रमांच्या आखणीचे ओझे याच सेवकांवर पडले. त्यांनी ते हौसेने उचलले. परंतु समारोपाचे टिपण लिहिण्याची सवय नसल्याने प्रत्येक वर्षी मांडव, वक्ते, पुस्तकविक्री आणि प्रसिद्धी यांची जुळवाजुळव नव्याने करावी लागली. मे २०१८ मध्ये अधिनियमाच्या अंमलबजावणीला पन्नास वर्षे झाली, तेव्हाही सेवकांच्या शिक्षणाचा नवा आराखडा किनाऱ्यापर्यंत पोहोचला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने वाचनालये बंद झाली आणि ती बंद असतानाच वादळ आले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि अलिबाग तालुक्यांत कौले व पत्रे उडाले आणि अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. भिजलेल्या ग्रंथाला साधारणपणे ४८ तासांनंतर बुरशी धरू लागते. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना कायमची चिकटतात, कापडी बांधणी फुगते, आणि पुस्तक उभे करून पाने पंख्यासारखी फाकवावी म्हटले तरी जूनच्या दमट, खाऱ्या हवेत ते वाळत नाही. १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या महापुरानंतर जगभर जी उपाययोजना विकसित झाली तिच्यानुसार, सर्व पुस्तके एकदम वाळवता येत नसतील तर ती गोठवून ठेवावीत आणि सवडीने वाळवावीत. मासळीसाठी शीतगृहे वापरणाऱ्या किनाऱ्याला ही सोय अशक्य नव्हती. परंतु वीज गेल्यावर जनित्रावर चालणारे शीतगृह कोणते, तेथे कोणाशी बोलावयाचे, कोणते दुर्मीळ ग्रंथ प्रथम हलवावयाचे आणि टाळेबंदीत वाचनालयाची किल्ली कोणाकडे असेल, हे मे महिन्यातच कागदावर असावे लागते. जोखीम-नोंद म्हणतात ती हीच, आणि ती एका पानात मावते. ज्या कपाटांवर पावसाचे पाणी पडले त्यांतील कित्येक जुने अंक व स्थानिक ग्रंथ पुन्हा छापले जाणार नाहीत, त्यामुळे ही हानी भरून येण्यासारखी नाही. २२ जुलै २०२१ च्या पुराने महाड पाण्याखाली गेले, तेव्हा तोच धडा पुन्हा मिळाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली आणि या दशकाचा शेवट झाला. 'ड' वर्गाचे अनुदान ४८,००० रुपये झाले, म्हणजे सेवकाचा वाटा महिन्याला २,००० रुपये झाला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला, मांडव्याला रो-रो बोट लागते, किनाऱ्यालगतच्या जमिनींवर नवी घरे उभी राहतात, आणि या प्रत्येक कामामागे तज्ज्ञांनी आखलेली वेळापत्रके असतात. त्याच तालुक्यांतील वाचनालयाच्या सेवकाला वेळापत्रक आखण्याचे दोन दिवसांचे शिक्षण मिळू नये, हा प्राधान्यक्रम कोणत्याही सुजाण समाजाला शोभणारा नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रमाणपत्र अभ्यासक्रमात प्रकल्प नियोजनाचा एक घटक घालावा आणि त्याची परीक्षा पाठांतराने न घेता प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपल्याच वाचनालयाचे एक काम, मग ते निर्लेखन असो वा बालविभाग, आखून व पार पाडून घ्यावी. जिल्हा ग्रंथालय संघाने अनुभवी सेवकांच्या हातून तालुकानिहाय वर्ग चालवावेत आणि त्या दिवसांचा प्रवासखर्च व मानधन द्यावे. कार्यकारी समितीच्या सदस्यांनीही या वर्गांना बसावे, कारण ठराव आणि पैसा त्यांच्या हाती असतो. मात्र सेवकांना नियमित वेतनश्रेणी देण्याची त्यांच्या संघटनांची जुनी मागणी बाजूला ठेवून केवळ नवे कौशल्य शिकवले, तर ते आणखी एक ओझे ठरेल आणि शिकलेला माणूस अधिक पगाराच्या कामाकडे निघून जाईल. म्हणून वेतन आणि शिक्षण यांचा निर्णय एकत्रच व्हावयास हवा, आणि तो पुढच्या मार्चअखेरीच्या घाईत न होता आताच, तारीख व जबाबदार व्यक्ती नमूद करून व्हावयास हवा.