सेवा क्लब आणि मुंबईतील बेघर

रोटरी किंवा लायन्ससारखा सेवा क्लब म्हणजे आपापल्या व्यवसायात स्थिरावलेल्या नागरिकांनी ठरलेल्या दिवशी एकत्र जमून, वर्गणी काढून आणि कामे वाटून घेऊन चालवलेली संस्था. दोन्हींचा उगम शिकागोतला : वकील पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये रोटरीची सुरुवात केली आणि १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्सची उभारणी झाली. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये आली. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, व्यापारी अशा निरनिराळ्या पेशांतील माणसे एका टेबलाशी बसतात, हे या संस्थेचे खरे भांडवल. आणि सभेला पाहुणा वक्ता बोलावण्याची प्रथा ही तिची शिकण्याची रीत. अशा सभेत बेघरांचा विषय निघाला की चर्चा बहुधा ब्लँकेटवाटपावर येऊन थांबते, कारण देणे ही गोष्ट क्लबला चांगली जमते.

बेघर कोण, हा पहिला धडा. जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कोणत्याही इमारतीत वा घरात न राहता पदपथावर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या मंडपात किंवा ह्यूम पाइपमध्ये राहतात, ते बेघर. झोपडपट्टीत राहणारा माणूस, झोपडी कितीही मोडकी असली तरी, या व्याख्येत बसत नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत ही मोजणी झाली आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. मात्र बाजारात रात्रभर ओझी वाहणारा हमाल किंवा लग्नाच्या हॉलमधून पहाटे सुटणारा केटरिंगचा कामगार अशा मोजणीतून सहज निसटतो. यावरून दुसरी गोष्टही उघड होते, ती म्हणजे बेघर माणूस बहुतेक वेळा बेकार नसतो. नाका कामगार, कचरावेचक, गजरे विणून विकणाऱ्या बायका हे सारे रोजगार जिथे मिळतो त्याच्या जवळ झोपतात. पदपथावरील वस्ती आणि उपजीविका यांचे हे नाते सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात मान्य केले आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. तरी रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला.

ब्लँकेटवाटपाची कल्पना मुळात उत्तरेकडच्या थंडीतली आहे. मुंबईच्या पदपथावर कसोटीचा काळ पावसाळ्याचा. तेव्हा ब्लँकेटपेक्षा प्लास्टिकची ताडपत्री मोलाची ठरते, आणि भिजलेले ब्लँकेट वाळत घालायला जागा नसल्यामुळे ते दोन दिवसांत टाकून द्यावे लागते. शिवाय दिवसा कामावर जाताना बोचके ठेवायचे कुठे, हा प्रश्न बारमाही आहे, कारण अतिक्रमण हटवणारी गाडी आली की अंथरुणाबरोबर त्यात बांधलेली कागदपत्रेही जातात. कागद गेला की ओळख गेली आणि ती परत मिळवायची तर पत्ता लागतो. मतदार नोंदणीपुरती यावर वाट आहे : निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या ठिकाणी जाऊन अर्जदार खरोखर तेथे झोपतो का, हे पाहतो आणि तेवढे पुरावा म्हणून पुरते. बँक, शाळा आणि शिधावाटप कार्यालय यांच्या दारात मात्र हीच व्यक्ती पुन्हा अडते.

निवाऱ्याची सरकारी व्यवस्था कागदावर स्पष्ट आहे. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांनी बारमाही निवारे उभारावेत असे आदेश दिले, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय असावी, असे प्रमाण घातले. २०११ च्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येला हे प्रमाण लावले, तर मुंबईत साधारण १२,४०० जागा हव्यात. प्रत्यक्षातील सोय त्याहून फार कमी आहे. आणि ते प्रमाण तंतोतंत पाळले गेले, तरी मोजल्या गेलेल्या बेघरांपैकी चौथा हिस्सासुद्धा त्यात मावणार नाही.

या चित्रात सेवा क्लबने काय करावे, याचा एक दाखला त्याच्याच इतिहासात सापडतो. शिकागोच्या पहिल्या रोटरी क्लबने १९०७ मध्ये हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम म्हणजे शहरात सार्वजनिक शौचालय उभे करणे. बिअर उत्पादकांची संघटना आणि स्टेट स्ट्रीटवरील मोठी दुकाने यांनी त्याला विरोध केला : पुरुषांना गुत्त्यांत आणि स्त्रियांना दुकानांत सोय आहेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर, पुरुषाला त्यासाठी आधी बिअर आणि बाईला आधी माल विकत घ्यावा लागतो, असे बिनतोड उत्तर क्लबच्या बाजूने देण्यात आले. दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर शौचालय उभे राहिले. क्लबने इथे वस्तू वाटली नव्हती. इतर संस्थांना जोडून घेऊन नगरपालिकेला तिच्या कामाला लावले होते.

अडचण आहे ती क्लबच्या घडणीत. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि दरवर्षी नवा अध्यक्ष येतो. त्यामुळे वर्षाच्या आत पूर्ण होऊन अहवालात दिसेल अशाच कामाकडे ओढ असते, आणि नवा अध्यक्ष आपला प्रकल्प मांडतो तेव्हा पदपथावर ऐन पावसाळा चालू असतो. निवाऱ्यासाठी जागा मिळवणे, महापालिकेला प्रमाणाची आठवण करून देत राहणे, कागदपत्रांसाठी वकील आणि जखमांसाठी डॉक्टर नियमित उपलब्ध करणे ही कामे एका अध्यक्षाच्या कारकिर्दीत मावत नाहीत. म्हणून बेघरांविषयी शिकू पाहणाऱ्या क्लबला वाटपाच्या यादीआधी आपले वेळापत्रक बदलावे लागेल : काम एका अध्यक्षाच्या नावावर न ठेवता किमान तीन-चार वर्षे टिकणाऱ्या समितीकडे सोपवावे लागेल आणि यशाचा हिशेब किती ब्लँकेटे दिली यावर नव्हे, तर किती जागा वाढल्या व किती जणांना ओळखपत्रे मिळाली यावर मांडावा लागेल.