फाशीच्या कैद्याची रील

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात एक दंतकथा सांगतात. एका माणसाला फाशीची शिक्षा झालेली असते. वधस्तंभापाशी त्याच्या हातात एक व्हायोलिन दिले जाते आणि सांगितले जाते, की हे वाजवून दाखवलेस तर सुटलास. त्याने आयुष्यात कधी व्हायोलिन धरलेले नसते, आणि वाद्यही बेसूर झालेले असते. तो तारा छेडतो, चाचपडतो, आणि हळूहळू त्यातून एक धून उभी राहते. माणूस सुटतो. ही धून 'रील द्यु पांद्यु', म्हणजे 'फाशी गेलेल्याची रील', या नावाने आजही वाजवली जाते, आणि ती वाजवणे ही वादकाची परीक्षाच मानली जाते.

या कथेत वाद्यविज्ञानाचा एक धागा लपलेला आहे. ही रील वाजवताना व्हायोलिन नेहमीच्या पद्धतीने लावत नाहीत. तारा अशा चढवतात, की बोट न लावता सगळ्यांवरून गज फिरवला तरी एक सुसंवादी स्वरमेळ घुमतो. म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातूनही काहीतरी सुरेल निघेल, अशीच ही जुळणी आहे. कथा धुनीतून जन्मली की धून कथेतून, हे ठरवायची गरज नाही. तानपुऱ्याच्या मोकळ्या तारांवर वाढलेल्या आपल्या कानांना मात्र त्या घुमाऱ्याची ओळख लगेच पटते.

क्वेबेकच्या लोकसंगीताविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. 'फ्रेंच भाषकांचे, म्हणजे फ्रेंच संगीत' अशी एक ढोबळ समजूत असते. ती अर्धी खरी आहे, आणि जी अर्धी खोटी आहे तीच मला अधिक महत्त्वाची वाटते. या समाजाची गाणी फ्रान्समधून आली. पण ज्या धुनांवर तो नाचतो त्यांतला मोठा हिस्सा स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून आला. सतराव्या शतकात नॉर्मंडी, पर्श, प्वातू, पॅरिस अशा भागांतून माणसे सेंट लॉरेन्स नदीच्या काठी येऊन वसली आणि त्यांनी आपली गाणी आणली. सात वर्षांच्या युद्धात क्वेबेक ब्रिटिशांच्या हाती गेले, १७६३ च्या तहाने ते कायम झाले, आणि विजेत्या सैन्यातले काही स्कॉटिश सैनिक तिथेच जमिनी घेऊन राहिले. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांच्या लाटा आल्या. १८४७ च्या दुष्काळवर्षी तर ग्रोस-ईल बेटावरच्या विलगीकरण छावणीत हजारो मेले. आयरिश आणि फ्रेंच कॅनेडियन, दोघेही कॅथलिक. चर्च एक, गरिबी एक, मग लग्नेही झाली. 'रील' हा शब्द इंग्रजीतून आला, नाचात पुढची चाल ओरडून सांगणाऱ्या माणसाचे 'कालर' हे नावही इंग्रजी 'कॉल'वरूनच. जेत्याचे संगीत जित समाजाने इतके आपलेसे केले, की पुढे तेच त्याच्या वेगळेपणाची खूण ठरले.

संशोधकांनी या गोष्टीकडे बराच काळ काणाडोळा केला. एर्नेस्त गान्यों या ऑर्गनवादकाने १८६५ पासून 'कॅनडाची लोकगीते' हा संग्रह प्रसिद्ध केला. या गाण्यांच्या स्वररचनेचे चर्चमधल्या जुन्या गायनाशी नाते आहे, असा त्याचा आग्रह होता. त्यानंतरचे मोठे नाव मारियुस बार्बो. ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात मूळनिवासींवर काम करणाऱ्या या मानववंशशास्त्रज्ञाला फ्रांझ बोआस यांनी विचारले, की तुमच्या स्वतःच्या लोकांत अशी मौखिक परंपरा शिल्लक आहे का? त्या प्रश्नातून बार्बो मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडले आणि हजारो गाणी जमवली. १९४४ मध्ये लाव्हाल विद्यापीठात ल्यूक लाकूर्सिएर यांनी लोकसाहित्याचे संग्रहालय उभारले. हे काम थोरच आहे. पण या साऱ्यांचा ओढा गाण्यांकडे अधिक होता, कारण गाण्याला शब्द असतात आणि शब्द फ्रेंच होते. वाद्यांच्या धुना मागे राहिल्या. आपल्याकडेही ओव्या जमवणारे अभ्यासक पुष्कळ झाले. संबळाचे आणि हलगीचे ठेके तितक्या आस्थेने कितीजणांनी टिपले?

गाण्यांत सर्वांत जिवंत प्रकार म्हणजे उत्तराची गाणी. एकजण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. वारकरी भजनात बुवांच्या मागे टाळकरी चरण उचलतात, तसेच. अनेक गाण्यांत एक सोय असते : एका कडव्याची दुसरी ओळ पुढच्या कडव्याची पहिली ओळ होते, त्यामुळे गाणे साखळीसारखे पुढे सरकते आणि पाठांतराचा भार हलका होतो. फरच्या व्यापारासाठी नद्यांवरून होड्या हाकणारे नावाडी अशीच गाणी म्हणत वल्ही मारायचे.

नाचाची जागा म्हणजे स्वयंपाकघर. हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि घरात सर्वांत उबदार खोली हीच. टेबल बाजूला सारायचे, वादकाला कोपऱ्यात खुर्ची द्यायची, कधी जागा वाचवण्यासाठी ती टेबलावरच चढवायची. अशा रात्रीच्या मैफलीला 'व्हेये' म्हणतात. इथला वादक 'व्हियोलोनिस्त' नव्हे, 'व्हियोलोनो'. पहिला शब्द कागदावरून वाजवणाऱ्या शिक्षित वादकाचा, दुसरा कानाने शिकलेल्याचा. पाद्र्यांना हे नाचणे पसंत नव्हते. रोझ लातुलिप या नाचवेड्या मुलीची दंतकथा १८३७ मध्येच एका फ्रेंच कादंबरीत छापली गेली. उपवासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या रात्री एक देखणा परका नाचायला येतो, मध्यरात्र उलटते, आणि तो सैतान निघतो.

आता पायांविषयी. या संगीताचे सर्वांत विलक्षण वाद्य दुकानात मिळत नाही. व्हायोलिनवादक खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी लाकडी जमिनीवर ठेका धरतो. याला आज 'पोदोरित्मी' म्हणतात. हा नुसता ताल मोजणारा पाय नव्हे. टाच आणि चवडा यांच्या आलटून पालटून आघातांनी रीलमध्ये एक लांब, दोन आखूड अशी घोडदौड उभी राहते. सहा मात्रांच्या धुनीत तिचे रूप बदलते. बुटाचा तळ कडक हवा, चामड्याचा. रबरी तळाने काम होत नाही. कारण साधे आहे : ढोलकीवाला नाही, साथीला कोणी नाही, आणि खोलीभर माणसे नाचताहेत. एका माणसालाच स्वर आणि ताल दोन्ही पुरवायचे. १९२० च्या दशकातल्या काही तबकड्यांवरही हे पाय स्पष्ट ऐकू येतात. मला विचाराल तर धून लपवून केवळ पायांचा आवाज ऐकवला, तरी क्वेबेक ओळखता येते. आयर्लंडमध्येही पाय वाजतो, पण तो एकटा. दोन्ही पायांचे असे स्वतंत्र वादन हीच इथली सही.

एकट्याने वाजवण्यातून आणखी एक वैशिष्ट्य आले. या परंपरेत 'वाकड्या' धुना आहेत. सम मात्रांच्या चौकटीत त्या बसत नाहीत. मध्येच एक मात्रा वाढते किंवा गळते. एकट्या नर्तकाच्या पदन्यासाला चौकट लागत नाही, म्हणून वादकाला ती मोकळीक होती. पण चौकोनी समूहनृत्य, पियानोची साथ आणि ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आला, तशा बऱ्याच धुना 'सरळ' केल्या गेल्या. सगने भागातल्या लुई 'पितू' बुद्रो यांच्यासारख्या वादकांनी वाकडेपण जपले. साथीदाराला चकवणाऱ्या या धुना ऐकताना मला कायम वाटते, की चूक आणि परंपरा यांच्यातली रेघ कोण ओढतो, हा प्रश्न संगीतशास्त्राचा कमी आणि सत्तेचा अधिक आहे.

बाकीची वाद्ये घरगुती. मांडी आणि तळहात यांच्यामध्ये आपटायचे लाकडी चमचे. बोटांत धरून वाजवायची जनावरांची हाडे. आणि गँबार्द, म्हणजे आपले मोरचंग, ज्याच्या चौकटी फर व्यापाराच्या जुन्या ठाण्यांच्या उत्खननात सापडतात. माउथ ऑर्गनला गमतीने 'ओठ बिघडवणारे' म्हणतात. बटणांचा अकॉर्डियन एकोणिसाव्या शतकात आला. त्याच्या एकाच बटणातून भाता दाबताना एक स्वर निघतो, ओढताना दुसरा; म्हणून वादन आपोआपच झटकेदार होते. स्वर निर्माण करणाऱ्या धातूच्या पट्ट्या तशाच, जशा संगीत नाटकांच्या पेटीत असतात. पेटीही युरोपातूनच आली आणि आपली झाली, तेव्हा क्वेबेककरांच्या अकॉर्डियनप्रेमाचे आपल्याला नवल वाटू नये.

१९२९ मध्ये मेरी ट्रॅव्हर्स हिची पहिली तबकडी निघाली. गास्पे किनाऱ्यावरच्या न्यूपोर्टला १८९४ मध्ये जन्मलेली ही मुलगी, वडील आयरिश वंशाचे, आई फ्रेंच कॅनेडियन. नवऱ्याच्या आडनावावरून जग तिला ला बोल्द्यूक म्हणू लागले. व्हायोलिन, माउथ ऑर्गन, मोरचंग सगळे ती वाजवायची, आणि कडव्यांच्या मध्ये अर्थहीन अक्षरांची झरझर फिरत करायची. या प्रकाराला 'त्युर्ल्युत' म्हणतात. वाद्य नसले तर तोंडानेच नाच वाजवायचा. मंदीच्या काळात बेकारी, विमा एजंट, घरमालक यांच्यावर तिने गाणी केली. तिची इंग्रजीमिश्रित बोली उच्चभ्रूंना खटकली, लोकांनी मात्र तबकड्या उचलल्या. १९४१ मध्ये कर्करोगाने ती गेली.

जाँ कारिन्याँचे (१९१६–१९८८) आयुष्य याहून कडवट. जोझेफ आलारकडून शिकलेला, आयरिश मायकेल कोलमन आणि स्कॉटिश जेम्स स्कॉट स्किनर यांच्या तबकड्या ऐकून त्यांच्या शैली आत्मसात केलेला हा अद्वितीय वादक मॉन्ट्रियलमध्ये टॅक्सी चालवून पोट भरत होता. येहुदी मेन्युहिन यांनी त्याच्यासोबत वाजवले, आंद्रे गान्यों यांनी त्याच्यासाठी ऑर्केस्ट्रासह छोटा कॉन्चेर्तो लिहिला, आणि त्याच्या उत्तरायुष्यात त्याची श्रवणशक्ती जात राहिली. फाशीच्या कैद्याची रील त्याच्याइतकी चमकदार फार थोड्यांनी वाजवली.

१९७० च्या दशकात राष्ट्रवादाची लाट आली आणि आजोबांच्या धुना तरुणांना पुन्हा प्रिय झाल्या. १९७६ मध्ये ला बोतीन सूरियाँत हा वाद्यवृंद जन्मला. नावाचा अर्थ 'हसरा बूट', तळ सुटून जबडा उघडलेला. १९८० च्या सार्वमतात सार्वभौमत्वाचा प्रस्ताव सुमारे ६० टक्क्यांनी फेटाळला गेला, आणि त्या पराभवाबरोबर लोकसंगीताची हवाही उतरली. 'आमचे संगीत' म्हणून जे मिरवले ते अनेकांना नकोशा आठवणीसारखे वाटू लागले. तो पडता काळ काढला तो मुख्यतः खेड्यांतल्या घराण्यांनी आणि हट्टी वादकांनी. बोतीनने पुढे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन आणले, जॅझची वळणे घेतली. पण रंगमंचाच्या मध्यभागी एक लाकडी फळी राहिली. त्या फळीला मायक्रोफोन लावलेला असतो, आणि वर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पायांत कडक तळाचे बूट असतात.