ठाण्यातील अरे-तुरे

आमच्या गावचे एक सत्तरीचे शेतकरी विहिरीवरच्या पंपाची वायर चोरीस गेली म्हणून ठाण्यात गेले. मराठीत तोंड उघडले, तोच पहिला शब्द कानी पडला तो शिवीचा. कन्नड त्यांना बेताचेच येते. शिवी मात्र नीट समजली. तक्रार न देताच ते परतले.

दोष भाषेचा नव्हे. मराठीतल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखा 'नीनु' आणि 'नीवु' हा भेद कन्नडमध्येही आहे, आणि वडीलधाऱ्यांना काय म्हणावे हे पहिलीतल्या पोरालाही कळते. (पलीकडच्या मराठी ठाण्यांतही 'अरे-तुरे' चालते, हे कबूल करू.) केरळात 'एडा', 'एडी' म्हणून लोकांना हाक मारू नये, असे उच्च न्यायालयाने २०२१ साली पोलिसांना बजावले, महासंचालकांनी तसे परिपत्रकही काढले.

दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. पोलिसांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठी जिल्हावार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश तर २००६ चा.

समितीतर्फे आम्ही अर्ज तयार केला, मराठीत, सोबत कन्नड प्रत. सही करताना त्यांनी विचारले, "गुरुजी, ती शिवी पण लिवायची काय?"

लिहिली. जशीच्या तशी.