बांधावरचे वैर, पडद्यावरचे प्रेम

तेल्हारा तालुक्यात, किंबहुना साऱ्या वऱ्हाडातच, धुऱ्याच्या भांडणातून वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे नवीन नाहीत. थोरांचे वैर पोरांना वारशाने मिळते. त्यामुळे ‘बॅड बडी’ या थाई मालिकेतील तंटा येथील प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात तिचे १२ भाग प्रसारित झाले.

पॅट आणि प्रान शेजारी राहतात. दोघांच्या घरांत हाडवैर. पॅट अभियांत्रिकीचा, प्रान वास्तुकलेचा विद्यार्थी. विद्यापीठातही दोन्ही गट हमरीतुमरीवर. पण वैऱ्यावर नजर ठेवावी लागते, आणि ती ठेवता ठेवता त्याच्या सवयी, त्याचे रुसवे घरच्यांपेक्षा अधिक कळू लागतात. वैरातून फुलणाऱ्या प्रेमकथांची मोहिनी या ओळखीत आहे. दोन मुलांना एकमेकांकडे टक लावून पाहायला भांडणाइतके निर्धोक निमित्त दुसरे कोणते?

खरी गंमत अशी की, या प्रेमाच्या आड मुख्यत्वे येते ते घराण्यांचे वैर. दोघेही मुलगे आहेत ही बाब नव्हे. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या २००६ सालच्या कादंबरीत अशा प्रेमाच्या वाट्याला विरह आला होता. येथे सुटका आहे, मात्र अर्धीच. कलम ३७७ चा धाक सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर केला. घरच्यांचा धाक निराळा. म्हणूनच शेवटच्या भागात पॅट व प्रान आईवडिलांसमोर दुराव्याचे सोंग वठवतात, तेव्हा आवाज बारीक करून मोबाइलवर मालिका पाहणाऱ्या गावातल्या तरुणाला ते सोंग वाटतच नाही.